आठ नंबरच्या मेट्रोने सहा हजार वर्षं

सोलला जाणारे सगळे राजवाडे बघतात, मीपण बघितले, पण माझ्या डोक्यात राहिली ती तिथली आठ नंबरची मेट्रो. हान नदीकाठच्या काही जुन्या वस्त्या या एकाच लाइनवर आहेत.

सोमवारी आम्सा-दोंगला गेले तर गेट बंद, चूक माझीच, सुट्टीचा वार बघितला नव्हता. मंगळवारी परत. तिथे साधारण ६००० वर्षांपूर्वीची नवाश्मयुगीन वस्ती सापडलीये, जमिनीत खड्डा खणून वर गवताचं छप्पर घातलेली घरं, मधे दगडांनी आखलेली चूल, जाळ्याला बांधायची दगडी वजनं, ओकची फळं दळायचे पाटे. म्हणजे मासे पकडा आणि जंगलातलं वेचून आणा. आणि मडकी! अंगावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा आणि बूड चक्क टोकदार. मी म्हटलं हे उभं कसं राहणार? तर नदीकाठच्या वाळूत खुपसून ठेवायचे. आपण गोल बुडाच्या घागरीला चुंबळ देतो, इथे वाळूच चुंबळ.

नदीच्या वरच्या अंगाला मिसा-री आहे, तिथे वेळेअभावी गेलेच नाही, पण एकाच जागी नवाश्मयुगापासून बेकजे या कोरियातल्या प्राचीन राज्यापर्यंतचे थर एकावर एक आणि वरच्या थरात चक्क शेताच्या सऱ्या मिळाल्यात. वेचून खाणारे लोक हळूहळू शेतकरी झाले ते असे.

मग चॉन्होला उतरले, पुंगनाप तोसोंग बघायला. हा बेकजेच्या राजधानीचा मातीचा तट, घेर साडेतीन किलोमीटर, पायाशी रुंदी ४० मीटरच्या वर. गंमत म्हणजे १९२५ च्या महापुराने या तटाचा नदीकडचा भाग वाहून गेला आणि त्याच पुराने आम्साची मडकीसुद्धा उघडी पाडली! पुराने काय काय नेलं असेल देव जाणे, पण जाता जाता हे दाखवून गेला. नंतर १९९७ मध्ये बिल्डिंगांचे पाये खणताना बेकजेची घरं लागली तेव्हा सगळे खरे जागे झाले. एका विहिरीत दोनशेच्या वर मडकी निघाली, तोंडं मुद्दाम फोडलेली, त्यातली बरीच लांबच्या प्रांतांतल्या घडणीची. शिवाय चीनकडून आलेले चकचकीत लेप दिलेले रांजण. त्या टोकदार मडक्यांच्याच नदीवर हे सगळं येऊन पोचलं होतं, मला ही विहीर राजवाड्यांपेक्षा भारी वाटली.

आता तटावर हिरवळ आहे, दोन्ही बाजूंना अपार्टमेंट, आणि एक आजी हात हलवत झपाझप चालत होत्या.

इ.स. ४७५ मध्ये उत्तरेच्या गोगुर्यो राज्याने ही राजधानी घेतली, राजा मारला गेला, आणि बेकजेवाले दक्षिणेला गेले ते परत नदीकाठीच, गम नदीवरच्या आजच्या गोंगजूला. उद्याचं बसचं तिकीट तिथलंच काढलंय, आणि यावेळी सुट्टीचा वार आधी बघितलाय.