कार्डाची बाकी शून्य!

आज दुपारी लेक झोपल्यावर क्रेडिट कार्डाची राहिलेली सगळी थकबाकी भरून टाकली. बाकी शून्य दिसली आणि खरं सांगते, डोळे भरून आले.

मी घरी असते, पगार एकट्या नवऱ्याचा. पण महिन्याचा हिशोब माझ्याकडे आणि आधी कोणतं कर्ज फेडायचं हेही मीच ठरवलं. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने तेच वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं! बिलावरची 'किमान रक्कम' भरत राहिलं तर उशिराचा दंड टळतो, मुद्दल मात्र जेमतेम हलतं. म्हणून बाकीचे हप्ते वेळेवर भरायचे आणि उरलेला पै-पैसा कार्डावर टाकायचा, एवढंच धरून ठेवलं. वहीत डायपरच्या रकान्यात ज्या महिन्यात 'बंद' लिहिलं, त्या महिन्यापासून तीही रक्कम तिकडेच.

घर सांभाळणाऱ्या बाईने वाचवलेला पैसा कुणाच्या पगारपत्रकात दिसत नाही. पण तो असतो, मैत्रिणींनो.

आता आधी थोडी रक्कम बाजूला, अचानक दवाखाना निघाला तर कार्ड पुन्हा काढायला नको. मग गृहकर्ज. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळे जादा भरणा जितका लवकर तितका बरा. बँकेला लेखी कळवणार आहे: हप्ता आहे तोच ठेवा, मुदत कमी करा.