आधी तां लिनक्स काढून टाक!

"आधी तां लिनक्स काढून टाक, मगे बघ!" मालवणात काकांच्या ओटीवर बसलेल्या शेजाऱ्यांनी निकालच दिला. काकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने आली होती. डायल-अप, म्हणजे फोनच्या लाइनवरचं इंटरनेट, लागायचं, पण मेल उघडेपर्यंत कनेक्शन गायब.

मला ते वाक्य लागलं. लिनक्स काही लपवत नाही हो! लॉग, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, उघडला. कनेक्शन सांभाळणारा पीपीपीडी हा प्रोग्राम तिथे कारण लिहून ठेवतो. वापर नाही म्हणून त्यानेच तोडलं तर तसं, पलीकडून एको-रिक्वेस्टला, म्हणजे 'आहेस ना?' या विचारणेला, उत्तर आलं नाही तर तसं. इथे दर वेळी एकच ओळ: 'मोडेम हँगअप'. म्हणजे कॉम्प्युटरला फोनलाइनशी जोडणाऱ्या मोडेमच्या खाली लाइनच सुटत होती.

रिसीव्हर कानाला लावला. डायल टोनच्या मागे सतत खरखर. 56 केबीपीएसचा मोडेम असल्या आवाजात आधी वेग उतरवतो, मग कॅरिअरच, म्हणजे पलीकडच्या मोडेमशी बांधून ठेवणारा सिग्नलच, सोडतो.

भिंतीवरची फोनची डबी उघडली. तांब्याच्या तारेवर हिरवा थर, स्क्रू गंजून लाल. खराब टोक कापलं, तार नव्याने सोलली, स्क्रू बदलून घट्ट आवळली. खरखर गेली. संध्याकाळी काकांनी नातीचे फोटो सलग उतरवून घेतले, एकदाही न तुटता.

घरात नवखं जे असेल, पहिला संशय त्याच्यावर. खारी हवा खिडकीचे गज खाते, सायकलची चेन खाते, हे इथे पोरंसुद्धा सांगतील. मग फोनची तार कशी वाचेल?

पावसाआधी आपण कौलं चाळतो. ती डबी कोणी उघडून बघतं का?