काटे गायब!

आज दिवसभर डी-थ्री-डीच्या जुन्या शॉट्सचे (म्हणजे एकेका प्रयोगाचे) आलेख बघत बसले होते. सॅन दिएगोच्या या टोकामाकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या संलयन यंत्रात, प्लाझ्माच्या काठाशी दाब साचतो, साचतो, आणि मिलिसेकंदाच्या आत बाहेर उसळतो. दूध उतू जावं तसं, पण सेकंदाला कित्येकदा! डी-अल्फाच्या, म्हणजे काठावरच्या ड्यूटेरियमच्या प्रकाशाच्या, रेषेवर नुसते काटेच काटे; प्रत्येक उद्रेकाचा एक.

मग यंत्राच्या आतल्या 12 कॉइल्समध्ये (तारांच्या वेटोळ्यांत) करंट सोडला. त्यांचं क्षेत्र मुख्य चुंबकीय क्षेत्राच्या हजाराव्या भागाइतकंही नाही, तरी काटे गायब. 2004 मध्ये हे छापून आलं तेव्हा लोक चाट पडले असणार.

फुकट काहीच मिळत नाही म्हणा. काट्यांबरोबर प्लाझ्माची घनताही घसरते, आणि काठावरच्या क्षेत्ररेषांचा पीळ जरा बदलला की काटे पुन्हा हजर. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आयटर या महाकाय टोकामाकमध्ये अशा 27 कॉइल्स बसणार आहेत. तिथल्या आतल्या टंगस्टनच्या पृष्ठभागाला मोठे उद्रेक झेपणारे नाहीत, त्यामुळे घनतेचा हा घोळ आधीच निस्तरायला हवा.