चुकलेल्या जोडांचा गोठा

गिरगावातल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर असायचं. नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ सगळ्याच शाळांत होतात, ते सोडा. मला आठवतो तो जिन्याखाली मांडलेला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा.

सुतारकामाच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक खोका असे. आठवी-नववीतल्या पोरांनी बिघडवलेले हाफ-लॅपचे, टेननचे लाकडी जोड त्यात पडायचे. त्यात माझे बरेच. डिसेंबर लागला की सुतारकामाचे सर तो खोका टेबलावर पालथा करायचे. ढिला जोड भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवला की झाला खांब. मोडक्या बाकाचा सागवानी पाय आडवा टाकला की आढं. गेल्या वर्षीच्या नाटकातला प्लायवुडचा राजवाडा कापून मागची भिंत. छपराला रंध्याच्या लांब ढलप्या, खालून वर, एकीवर एक चढवत. म्हणजे पाणी आत झिरपत नाही. जिन्याखाली कुठला पाऊस! पण सर कोकणातले. त्यांच्यापुढे बोलणार कोण?

एका वर्षी आम्ही हौसेनं गोठ्याला पॉलिश मारलं. सरांनी मुकाट्यानं हातात पॉलिश पेपर दिला आणि सगळं खरवडून काढायला लावलं. "गोठा आहे रे तो, शोकेस नव्हे."

मूर्ती खोताच्या वाडीतला आमचा एक ईस्ट इंडियन, म्हणजे मूळ मुंबईकर ख्रिस्ती, मित्र घरून आणायचा. मेंढपाळ कमी पडले की दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मदतीला यायचे, ढाल-तलवारीसकट. हिरवळीसाठी आठवडाभर आधी ताटात नाचणी पेरलेली असे. किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या पोरांना हे काय शिकवायचं! बायबलमध्ये गव्हाणी आहे, बैल-गाढव नाहीत, असं मित्राची आजी सांगायची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं, हे मी फार पुढे वाचलं. आमच्या गाढवाचा एक पाय आगकाडीचा होता.

मित्राची एक सक्त ताकीद असे: चोवीस तारखेच्या मध्यरात्रीआधी बाळ ठेवायचं नाही. त्यामुळे गॅदरिंगला गव्हाणीत नुसत्या ढलप्या. एका पाहुण्यांनी तर सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची एक मूर्ती चोरीला गेलीय हो."

बाळ असायचं शिपाईमामांकडे. ते शाळेच्या आवारातच राहायचे. सगळी शाळा सुट्टीवर गेलेली, आणि मामा एकटेच बॅटरी घेऊन जिन्याखाली जायचे.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण होईपर्यंत गोठा हलवत नसत. त्यामुळे शाळा उघडली की आम्ही दप्तरासकट आधी तिकडे धावायचो. एका वर्षी बाळाच्या खाली चौकड्यांचा हातरुमाल दिसला, नीट चार घड्या घातलेला. आम्ही मामांकडे पाहिलं.

"ढलप्या टोचतात," मामा म्हणाले.