सज्जातली बाई

रात्रीचे साडेबारा. झोप येत नाही.

पोरीनं संध्याकाळी लॅपटॉपवर तो लिंकनचा सिनेमा लावला, स्पीलबर्गचा, २०१२ चा. थांबवून थांबवून सांगत होती. गुलामगिरी कायमची मोडणारी तेरावी घटनादुरुस्ती. मंजूर व्हायला दोनतृतीयांश मतं पाहिजेत, ती नाहीत. मग निवडणुकीत पडलेल्या विरोधकांना गाठायचं, पोस्टमास्तरकी कबूल करायची. यादवी युद्धातल्या तहाच्या बोलणीला निघालेली माणसं शहराबाहेरच अडवून ठेवायची आणि सभागृहात चिठ्ठी धाडायची, शहरात असं कोणी नाही. याचं मला फारसं काही वाटलं नाही. दोन मतांसाठी एकाच्या शेतरस्त्यावर मीही मुरूम टाकायला लावलाय.

टोचलं ते थॅडियस स्टीव्हन्सचं. हयातभर माणूस माणसाच्या बरोबरीचा म्हणून भांडलेला म्हातारा. विरोधक त्याला डिवचतात, म्हण की सगळी माणसं समान. तेवढं तोंडातून निघालं की काठावरची मतं गेली. तो गिळतो. सगळ्या बाबतींतली समानता मी मानत नाही, फक्त कायद्यापुढची, असं म्हणतो. त्याच्या संयमाचं कौतुक होतं. आणि वर सज्जात बसलेली एलिझाबेथ केकली, स्वतः गुलामीतून सुटलेली, उठून निघून जाते. पोरीनं सिनेमा पुढं नेला. माझं मन तिथंच राहिलं.

आमच्या वस्तीला नळ द्यायच्या ठरावावेळी ग्रामसभेत मला विचारलं होतं, ‘म्हणजे आमच्या बरोबरीनं नळ पाहिजे का तुम्हाला?’ मी म्हणाले, ‘बरोबरीचं नाही हो, मी टँकरच्या खर्चाचं बोलते.’ ठराव झाला. नंतर पाठीवर शाबासकीही मिळाली. आत्या दाराशी बसली होती, पदरानं तोंड पुसत. ती कधी उठून गेली ते मला दिसलंच नाही.

आज सकाळी तिच्याकडं गेले तर रांजण भरत होती. फडक्यातून पाणी गाळताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘पानी ग्वाड हाय माय. पन तू तसं म्हनाया नको व्हतं.’

दोन वर्षं तालुक्याला खेटे घातले. उन्हातान्हात, कधी पोरगी तापानं फणफणलेली असताना. साहेब जागेवर नाहीत म्हणून दिवसदिवस बाकड्यावर बसून राहिले. ते कुणाला आठवत नाही. आठवतं ते एक वाक्य. दुपारभर रडू येत होतं. तिच्या हंड्यात पाणी आलं ते त्या वाक्यानंच ना?

पण ते वाक्य खोटं होतं, आणि ते तिच्यासमोर बोलले.

अण्णांची आठवण आली. १४ जानेवारी १९९४. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आणि अण्णा तिळगूळ घेऊन घरी आले. मी कॉलेजात होते. मी तिळगूळ घेतला नाही. नामांतर मागितलं होतं, हा नामविस्तार, ‘मराठवाडा’ शब्द तसाच ठेवलाय, हे अर्धंच आहे, असं तोंडावर बोलले. १९७८ ला विधिमंडळात ठराव झाल्यावर वस्त्या पेटल्या, ते सगळं अण्णांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मी तेव्हा लहान. सोळा वर्षं ते मोर्चांत चालले. ते काही बोलले नाहीत. तिळगूळ देवळीत ठेवला आणि पाय धुवायला गेले. पुढं दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जात राहिले. मीही जायला लागले, पण त्यांना कधी म्हटलं नाही की... असो.

३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. लागत होती त्यापेक्षा फक्त दोन मतं जास्त. त्या दिवशी म्हातारा खरं बोलला असता तर? हे मला पटतं, अगदी पटतं. आणि ती बाई उठून गेली तेही बरोबरच होतं. पोरीला विचारलं, ती परत येऊन बसली का गं? तिला ते दृश्यच आठवेना.

मला वाटत होतं, आत्यानं समजून घ्यावं. का घ्यावं? मी कुठं अण्णांना समजून घेतलं होतं. मी जे गिळलं ते माझ्या एकटीचं नव्हतंच, तिचंही होतं, आणि तिला न विचारता गिळलं. एवढं तिला सांगता येईल. माफी वगैरे नाही, तो ठराव मी पुन्हाही तसाच करून घेईन. पण ते बोलणं खोटं होतं, हे मला माहीत होतं, एवढं तरी.

परवा पुन्हा आमच्या वस्तीची पाळी. पहाटे पाचला पाणी सुटतं. तिचा रांजण भरेपर्यंत तिथंच बसेन.