ताशी पंधरा

"ताई, एवढी इच्छाशक्ती आणता तरी कुठून?" कॉलनीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं जातं. मी पन्नाशीतली नोकरदार बाई आणि ब्रेव्हेटच्या मागे लागलेली. ब्रेव्हेट म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर, चारही एकाच हंगामात पूर्ण केल्या की तुम्ही 'सुपर रँडोनर'. मला ते व्हायचंय, अगदी मनापासून. ६०० तेवढी राहिली आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला बळ दिलं ते एका भागाकाराने. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. भागून पाहा, सगळीकडे ताशी पंधराच्या आसपासच उत्तर येतं. अंतर तिप्पट होतं, पण वेग तेवढाच लागतो! हे लक्षात आलं त्या रात्री मला उत्साहाने झोप लागली नाही. माझ्या वयाला वेग वाढवणं कठीण. सीटवर जास्त वेळ टिकणं मात्र सरावाने जमतं. शिवाय इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलेले सगळे सारखेच. कोणाला हरवायचं नाही म्हटल्यावर माझ्यासारखीची निम्मी धास्ती जाते.

अर्थात चहा, जेवण, पंक्चर, डुलकी हे सगळं त्याच वेळेत बसवायचं असतं. म्हणून मी चालवताना ताशी वीस धरते. उरलेला वेळ माझी शिल्लक.

सरावाला रामटेक. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत एका बाजूने साधारण पन्नास किलोमीटर. जाऊन-येऊन २०० ची निम्मी होते. जबलपूर रोडला ट्रक फार, त्यामुळे कन्हानचा पूल उजाडता उजाडता ओलांडलेला बरा. मी पुढचा टप्पा तेवढा बघते. आधी कामठी, मग पूल, मग मनसरचं वळण. ब्रेव्हेटमध्येही तेच: प्रत्येक कंट्रोल पॉइंट बंद व्हायची वेळ ठरलेली, तिथे वेळेत पोहोचायचं आणि कार्डावर शिक्का घ्यायचा. ६०० चा विचार एका दमात केला तर माझेही पाय गळतील.

पहाटे उठावंसं वाटतंच असं नाही. मेमध्ये तर मुळीच नाही. पारा पंचेचाळीसला टेकतो, रात्रीही भिंती तापलेल्या, धड झोप नाही. तेव्हा मी लांब जात नाही, फुटाळा तलावापर्यंत जाऊन परत येते. उत्साह घरात बसून येत नाही, पायडल मारल्यावर येतो. माझा तरी सहसा वाडीच्या आसपास येतो, अमरावती रोड मोकळा होतो तिथे.

आता खरा प्रश्न रात्रीचा आहे. ६०० मध्ये रात्र टळत नाही, आणि अंधारात रस्त्याचा अंदाज वेगळाच येतो. म्हणून दिवाळीनंतर, थंडी पडली की शनिवारी रात्री काटोल रोडला निघणार आहे. सोबत दोघी तयार झाल्यात. तुम्हाला यायचं असेल तर या, पण पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असल्याशिवाय मी कोणाला नेणार नाही.