टिक दिसत नव्हती

सकाळी आल्या आल्या आमच्या टेस्टरने फोन माझ्या हातात ठेवला. "अगं, हे बघ. मी टिक करतेय आणि काहीच होत नाहीये." रुग्णाला औषध दिलं की नर्सने त्या ओळीवर टिक करायची, एवढंच त्या स्क्रीनचं काम. मी टिक केली. ओळ ढिम्म. यादी खूप खाली नेऊन परत वर आणली, तर टिक तिथे हजर!

माझ्या पोटात गोळाच आला. बटण एकदा दाबलं की 'दिलं', पुन्हा दाबलं की 'नाही दिलं'. टिक दिसली नाही म्हणून कुणी दुसऱ्यांदा दाबलं असेल, तर दिलेला डोस नोंदीत न दिलेला झाला असणार. आणि अ‍ॅप रुग्णालयात सुरू होतं.

डेटाबेस उघडला. पहिल्याच टिकेला नोंद बदललेली होती. मग ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे ओळीत माहिती भरणाऱ्या फंक्शनमध्ये, लॉग (ते चाललं की नोंद छापणारी सूचना) टाकला. टिक केल्यावर त्यात एक अक्षर उमटलं नाही. यादी लांब सरकवल्यावर मात्र उमटलं. जरासं सरकवून काही फरक पडत नव्हता, कारण नुकत्याच बाहेर गेलेल्या दोनेक ओळी रिसायकलरव्ह्यू, म्हणजे अँड्रॉइडमधला यादी दाखवणारा घटक, जशाच्या तशा राखून ठेवतो. लांब गेलं तरच ओळ नव्याने भरली जायची आणि खरी स्थिती दिसायची.

मागच्याच रिलीजमध्ये जुना अ‍ॅडॉप्टर काढून लिस्टअ‍ॅडॉप्टर आणला होता. डेटा ओळींपर्यंत पोचवणारा हा भाग; नवा प्रकार नवी यादी जुनीशी ताडून फक्त बदललेल्या ओळी पुन्हा भरतो. तो बदल माझा होता. शेजारचा सहकारी म्हणाला, "नोटिफायडेटासेटचेंज्ड टाक आणि सोडून दे." टाकून पाहिलं, टिक लगेच दिसली. पण एका टिकेसाठी दिसणाऱ्या सगळ्या ओळी पुन्हा भरल्या जात होत्या, आणि मुळात बिघडलं कशाने ते कळलंच नव्हतं. औषधांच्या नोंदी असलेलं अ‍ॅप तसं बाहेर पाठवायला मन धजेना.

त्याला नवी यादी देणाऱ्या सबमिटलिस्टच्या आधी जुन्या आणि नव्या यादीचा आयडेंटिटी हॅशकोड, म्हणजे वस्तू तीच आहे का ते ओळखायचा आकडा, छापला. दोन्हीकडे तोच आकडा. मी एकच म्युटेबल (बदलता येणारी) यादी आतल्या आत बदलून पुन्हा हातात देत होते, आणि तीच यादी परत आली की सबमिटलिस्ट तुलना न करताच मागे फिरतो. टूलिस्टने नवी प्रत करून दिली. अ‍ॅप चालवलं, टिक केली. पुन्हा ढिम्म!

इथे माझा तासभर गेला. आता आकडे वेगळे होते, दोन याद्या ताडणारा डिफयूटिल तुलनाही करत होता, मग अडत कुठे होतं? शेवटी दोन ओळींमधली माहिती सारखी आहे का ते पाहणाऱ्या आरकंटेंट्सदसेममध्ये ब्रेकपॉइंट (कोड तिथे थांबवणारी खूण) लावला आणि जुनी ओळ, नवी ओळ शेजारी शेजारी पाहिली. जुन्या ओळीतही 'दिलं' खरं! यादी नवी होती, पण तिच्यातल्या वस्तू त्याच. मी डेटा क्लासमधला (ओळीची माहिती धरणाऱ्या वस्तूतला) व्हार, म्हणजे बदलता येणारं मूल्य, थेट बदलत होते, त्यामुळे टिकेबरोबर जुनी स्थितीही पुसली जात होती. डिफयूटिल त्या वस्तूची तिच्याशीच तुलना करून 'काही बदललेलं नाही' म्हणत होता, आणि त्याचं बरोबरच होतं.

सगळे व्हार व्हॅल, म्हणजे एकदा दिल्यावर न बदलणारे, केले. कंपायलरने जिथे जिथे अडवलं तिथे कॉपी वापरली, म्हणजे बदलासह नवी वस्तू बनवली. बटणही बदललं: 'दिलं'साठी एक, चूक दुरुस्त करायला वेगळं, विचारून खात्री करणारं. टेस्टरने टिक केली. लॉगमध्ये एकच ओळ उमटली, त्याच रुग्णाची.

दुपारनंतर सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. प्रत्येक दाबणं वेळेसकट साठवलेलं होतं, म्हणून काही सेकंदांत 'दिलं' आणि लगेच 'नाही दिलं' झालेल्या जागा सापडल्या. त्या आम्ही स्वतःहून सुधारल्या नाहीत. प्रत्यक्षात काय घडलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. रुग्ण, औषध आणि वेळ अशी यादी करून रुग्णालयाच्या मुख्य नर्सना फोन लावला, आणि एकेक ओळ त्यांना वाचून दाखवली.